क्याई गुलोचा आकाशपाळणा

वोनोतिर्तो
सोमवार, बाजारवार पाहिंग, ३ एप्रिल १९९५

नडुक, पोरी वुर्यानी,

आमची कारभारीण, तुझी बुदे, म्हणते, पत्राची सुरुवात तब्येतीच्या चौकशीने करावी. तर तब्येत कशी आहे? झाली चौकशी. आता कामाचं बोलतो.

आपली तिर्तोसारी बाग बंद करायचं घाटतं आहे. नगरसभेची नोटीस व्यवस्थापक हेंदार्तोंनी तिकिटाच्या खिडकीवर चिकटवली आणि ती वाचायला जेवढी गर्दी झाली तेवढी हल्ली आत यायलाही होत नाही. जागेचा करार डिसेंबरात संपतो. ऑगस्टात सभा बसेल आणि ठरवेल, की बागेला आणखी पाच वर्षं द्यायची, का जागा जाकार्ताच्या बिल्डरांना द्यायची. ते तिथे दुकानांची चार मजली इमारत बांधणार. तिच्यात म्हणे सरकता जिना असेल. माणसं उभी राहतील आणि जिना वर नेईल. वर नेऊन दाखवणार काय, तर साबण आणि चपला.

मी काही आंधळा नाही. लाकडी घोड्यांचे रंग उडालेत, छोट्या आगगाडीची शिट्टी गेली आहे. भूतघरातला गिमीन दम्याने असा खोकतो की परवा दोन पोरांनी भुताला पाणी आणून दिलं. लोक येतात ते आपल्या आकाशपाळण्यासाठी. तो उभा आहे तोवर बाग उभी आहे, हे हेंदार्तोंनाही कळतं. म्हणून सभेच्या आधी सेमारांगच्या कुठल्याशा कंपनीचा इंजिनियर येऊन सगळे पाळणे तपासणार आहे. पाळणा पास झाला तर सभेतले निम्मे लोक आपल्या बाजूने हात वर करतील.

तू त्याच धंद्यात आहेस. जो कोणी साहेब येणार असेल त्याला जरा सांग, की हे जत्रेतलं चाक नाही. ह्याचा आस जुन्या साखर कारखान्यातल्या उसाच्या चरकाचा आहे. कारखाना बंद पडला तेव्हा माझ्या उस्तादांनी तो बैलगाडीतून आणला. त्याचं नाव क्याई गुलो. साखरबाबा. बिननावाच्या लोखंडाला जसा हात लावतात तसा ह्याला लावायचा नाही.

आणि आपला घरच्यांचा फेरा त्याला समजावून सांग. ज्याच्या हातात ब्रेकचा दांडा, त्याच्या घरचं माणूस रोज सकाळी आधी तीन फेरे बसणार, मगच तिकिटाची खिडकी उघडणार. तुझा बाप माझा धाकटा भाऊ, पण सरकारी वसाहतीवर जमीन कसायला लांपुंगला जाताना शाळेसाठी तुला आमच्याकडे ठेवून गेला, तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. त्यानंतर अकरा वर्षं तूच बसलीस, हातात सोयाबीनचं तळलेलं टेंपे घेऊन, वेणी अर्धी घातलेली. आता तुझी बुदे बसते. वेळ फुकट जाऊ नये म्हणून शेंगा निवडायला घेऊन बसते आणि देठं वरून माझ्या डोक्यावर टाकते. मुद्दाम टाकते.

एक्केचाळीस वर्षांत ह्या चाकावरून कोणाचं नखही दुखावलेलं नाही. हे वाक्य त्या साहेबाला दोनदा सांग.

तुझा पाकदे,
मर्तोयो

—

सेमारांग
१५ एप्रिल १९९५

पाकदे,

तुम्हाला आणि बुदेंना माझा नमस्कार. तब्येत ठीक आहे. खाणावळीच्या भातापायी बुदेंची आठवण येते, असं त्यांना सांगा म्हणजे त्या खूश होतील.

नोटिशीचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमचं पत्र वाचून हसूही आलं. तपासणीला कोण जाणार ते अजून ठरलेलं नाही. पण पाकदे, आमच्या कामात शब्द टाकता येत नाही. जो येईल तो तुमचं ऐकणार नाही, लोखंडाचं ऐकेल. तुम्हीच मला असं शिकवलंत ना? अभ्यास सोडून मी पाळण्याखाली बसायचे तेव्हा तुम्ही डोळे मिटून सांगायचात, सातव्या पाळण्याचा बोल्ट ढिला आहे, आणि तो असायचाही.

एक विचारायचं होतं. आसाच्या दोन्ही बाजूंना जी लोखंडी कडी आहेत ती शेवटची कधी उतरवली होती? उस्ताद होते तेव्हा? आणि तपासणीपर्यंत आसाला काही करू नका. रंग नाही, काही नाही. आहे तसा राहू द्या.

वुर्यानी

—

वोनोतिर्तो
शुक्रवार वागे, ९ जून १९९५

इंजिनियरबाई,

आता तुला असंच म्हणायला हवं, कारण सगळ्या बागेसमोर तू मला परक्यासारखं "पाक मर्तोयो" म्हणालीस.

जीप थांबली, हेल्मेट घातलेली एक बाई उतरली. मला वाटलं साहेबाची मदतनीस असेल, साहेब मागून येतोय. मग हेंदार्तो कमरेत वाकले ते तुझ्यापुढे वाकले, आणि माझ्या हातातला ब्रेकचा दांडा सुटायचाच बाकी राहिला. येणार हे कळवलं नाहीस. ठीक आहे, कायदा असेल तुमचा. बुदेने चहा आणला तो घेतला नाहीस, घरी पाऊल टाकलं नाहीस, दोन रात्री लॉजवर काढल्यास. बुदे थोडी रडली, मग तो चहा तिने गिमीनला पाजला. मी तिला समजावलं, की अगं, परीक्षा घेणारा मास्तर पोरांच्या घरी जेवतो का? मला राग आलेला नाही. माझी छाती एवढी फुगली होती की शर्टाचं वरचं बटण तुटलं. बुदेला विचार.

पट्टा बांधून तू स्वतः वर चढलीस. मोठे मोठे गडी खालून बघत होते आणि कोणाच्या तोंडातून टवाळीचा एक शब्द निघाला नाही. मग ते यंत्र काढलंस. गरोदर बाईच्या पोटावर डॉक्टर फिरवतात तसं जेली लावून आसावर फिरवत होतीस. उजवीकडे पाच मिनिटं आणि डाव्या कड्यापाशी चांगला अर्धा तास. खाली उतरलीस तेव्हा तुझे डोळे भरले होते. तू तोंड फिरवलंस, पण मी पाहिलं. नडुक, मला समजलं. अकरा वर्षांच्या सकाळी आठवल्या असणार. मलाही आठवल्या.

आणि क्याई गुलो दिसत कसा होता. तू लिहिलं होतंस काही करू नका, पण तू येण्याच्या दोनच दिवस आधी सुरो महिन्याची पहिली तारीख, आपलं नवं वर्ष, पडली, आणि त्याचं स्नान मी टाळणार होतो होय? लोक घरातल्या कट्यारी धुतात, आपण आपला आस धुतो. दर वर्षीसारखंच केलं. सात विहिरींचं पाणी, फुलं, मग शहाळ्याचं पाणी, मग दोन टोपल्या लिंबं कापून हाताने चोळली, लोखंड चांदीसारखं होईपर्यंत. कड्याच्या फटीत बोट पोचत नाही तिथे लिंबाचं पाणी ओतलं, आतली घाणही निघावी म्हणून. मग कोरं कापड, मग खोबरेल तेल. एक्केचाळीस सुरो झाले, एक चुकला नाही. ज्या वर्षी मला टायफॉइड होता त्या वर्षी बुदेने मला खालून धरलं होतं.

मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे की पाळणा पास झाला. गिमीनने सभेसाठी नवा बाटिकचा शर्ट शिवायला टाकला. तू गेल्यानंतरच्या रविवारी शाळांना सुटी लागली म्हणून इतकी गर्दी होती की मी सूर्य मावळेपर्यंत दांडा सोडला नाही.

अहवालाची एक प्रत मिळाली तर बुदे ती काच लावून भिंतीवर लावणार म्हणते.

तुझा पाकदे

—

सेमारांग
१४ जून १९९५

पाकदे,

हे पत्र पोस्टाने न पाठवता सकाळच्या बसने पाठवते आहे. कंडक्टर तुमच्या हातात देईल.

बुदेंना पाळण्यात बसवू नका. उद्याही नाही, परवाही नाही. कोणालाच बसवू नका. डाव्या कड्याच्या आत आसाला तडा आहे, बोटाच्या पेराएवढा खोल. तपासणीच्याच दिवशी मी हेंदार्तोंना सांगितलं होतं की पक्कं होईपर्यंत चाक थांबवा. ते तुम्हाला म्हणाले असतील असं मी धरून चालले. काल तुमचं पत्र आलं, त्यातली रविवारची गर्दी वाचली आणि लगेच हे लिहायला बसले.

दोनदा मोजलं आहे. सोमवारी बाग बंद असताना आमचे नुग्रोहो आले होते त्यांचं मापही तेच आलं.

लोखंड म्हातारं झालं आहे, पाकदे. तुमचा ह्यात काही दोष नाही. बुदेंना माझ्यासाठी घरी ठेवा.

वुर्यानी

—

वोनोतिर्तो
सोमवार वागे, १९ जून १९९५

वुर्यानी,

कंडक्टरने पत्र दिलं तेव्हा बुदे पाळण्यात चढतच होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मी ते मोठ्याने वाचलं, ही माझी चूक झाली. तिने शेंगांची टोपली उचलली आणि सरळ घरी गेली. म्हणाली, पोर नको म्हणते तर मी बसणार नाही. मी म्हटलं, अगं, पोरगी चुकली आहे. ती म्हणाली, मग तूच बस आणि दांडाही तूच धर.

घरचं माणूस बसल्याशिवाय चाक फिरवायचं नाही, हा नियम माझ्या उस्तादांचा. तो मी मोडणार नाही. तेव्हा तुझ्या अहवालाने नाही, माझ्या बायकोने चाक थांबवलं आहे. चार दिवस झाले. हेंदार्तो सकाळ-संध्याकाळ येऊन विचारतात, बुदेंचा रुसवा गेला का?

आता तुझ्याबद्दल. आस म्हातारा झाला, असं तू लिहितेस. म्हातारा झालेलं लोखंड मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. त्याला गंज चढतो. क्याई गुलोवर गंजाचा ठिपका दाखव मला. ज्याला मी दर वर्षी माझ्या हातांनी न्हाऊ घातलं, पुसलं, तेल लावलं, तो सडला असं तुझं यंत्र सांगतं? मग यंत्र बदल. मला वाटतं तू घाबरलीस. आपल्या माणसाचं चाक पास केलं तर लोक बोट दाखवतील, म्हणून तू खोट काढलीस. इमानदार दिसायच्या नादात चोख माणसाला चोर ठरवलंस.

ऑगस्टात सभेपुढे मी स्वतः उभा राहणार आहे. आम्ही ह्या आसाची निगा कशी राखतो ते पहिल्या सुरोपासून शेवटच्या सुरोपर्यंत सांगणार. लिंबं, शहाळी, सगळं. तुझ्या कंपनीच्या साहेबांनी ऐकावं, की निगा कशाला म्हणतात.

मर्तोयो

—

सेमारांग
२६ जून १९९५

पाकदे,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायचा धीर झाला नाही.

आधी माझा गुन्हा सांगते. एप्रिलमध्ये मी लिहिलं की कोण येणार ते ठरलेलं नाही. ते खोटं होतं. तिर्तोसारीची फाईल माझ्याच टेबलावर होती आणि ती मी मागून घेतली होती. तुम्ही माझे कोण ते साहेबांना सांगितलं नव्हतं. मला तो अहवाल स्वतःच्या हाताने लिहायचा होता. "आस निर्दोष" हे दोन शब्द आणि खाली माझी सही, एवढंच मला हवं होतं. तुम्ही ज्या दांड्यावर मला वाढवलंत त्याची ती परतफेड झाली असती. म्हणून तुम्ही म्हणता ते उलट आहे. खोट काढायला मी आले नव्हते. वर चढले तेव्हाही डाव्या कड्यापाशी अर्धा तास गेला तो ह्यासाठी, की यंत्र चुकतं आहे हे मला सिद्ध करायचं होतं.

खाली उतरल्यावर त्याच संध्याकाळी साहेबांना फोन करून नातं सांगितलं. त्यांनी मला खूप सुनावलं आणि नुग्रोहोंना पाठवलं. अहवालावर आता आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

दुसरी गोष्ट सांगायची नव्हती. मागच्या पत्रात मी वयाचं नाव पुढे केलं, कारण वयाला कोणाचा राग येत नाही. पण तुम्ही सभेत उभे राहून लिंबांचं सांगणार असाल, तर ते तिथे एखाद्या परक्या इंजिनियरने समजावण्याआधी मी सांगितलेलं बरं.

तडा वयाने पडलेला नाही. आस वरून स्वच्छ आहे, जेवढ्या भागाला तुमचं कापड आणि तेल पोचतं तेवढा. कड्याच्या आत कापड पोचत नाही, पण लिंबाचं पाणी पोचतं. तिथे ते वर्षभर साचून राहतं, वाळतं, पुढच्या सुरोला पुन्हा पडतं. लिंबू लोखंड खातं, पाकदे. कट्यार लोक धुतात, पुसतात आणि म्यानात ठेवून देतात, तिच्यावर कोणी भार टाकत नाही. क्याई गुलोवर रोज सोळा पाळण्यांचा भार आहे. आत खड्डे पडले, आणि त्यातल्या एका खड्ड्यातून तडा निघाला; सोबतच्या चित्रात त्या जागी लाल खूण केली आहे. ज्या आसाला कोणी कधी धुतलं नसतं तो कदाचित अजून वीस वर्षं चालला असता.

अहवालात मी फक्त "कड्याखालील गंज" असं लिहिलं आहे. लिंबाचा उल्लेख कुठेही नाही आणि होणार नाही. तुम्हीही करू नका. हे तुमच्या माझ्यात राहू द्या.

तुम्ही त्याच्यावर माया केलीत, तेवढंच केलंत. मला तुमचा अभिमान वाटत आला आहे आणि आजही वाटतो. काहीतरी लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालेल.

वुर्यानी

—

सेमारांग
१८ जुलै १९९५

पाकदे,

तीन आठवडे झाले. बागेच्या ऑफिसात फोन केला तर हेंदार्तो म्हणाले, मर्तोयो कामावर येतात, घोड्यांना रंग देतात, कोणाशी बोलत नाहीत.

मला रजा मिळते आहे. येऊ का?

वुर्यानी

—

वोनोतिर्तो
२४ जुलै

वुर्यानी, मी बुदे बोलते आहे आणि तिकिटाच्या खिडकीवरची लस्मी लिहिते आहे, तेव्हा अक्षर छान आहे त्यात माझं काही नाही.

तू आत्ता येऊ नकोस. आलीस तर तो तुझ्यासमोर हसेल आणि आतल्या आत बसेल. त्याला त्याच्या वेळेने बाहेर येऊ दे. तुझं पत्र त्याने मला वाचून दाखवलं नाही, पण उशीखाली ठेवतो. लिंबाचं झाड तोडायला निघाला होता, मी कोयता लपवला. झाडाने काय केलं, म्हटलं.

काल सकाळी साखळी, नटबोल्टचे पाने आणि तुझं ते चित्र घेऊन एकटा वर चढला. डावं कडं उतरवलं. पन्नास वेळा हाक मारली, जेवायला ये म्हणून, पण संध्याकाळच्या नमाजालाच खाली आला. हात धुतले, नमाज पढला आणि मला म्हणाला, वारसिती, तू इतकी वर्षं त्याच्यावर शेंगा निवडत होतीस. एवढंच म्हणाला, आणि माझा हात धरून बराच वेळ बसला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, असा हात त्याने कधी धरला नव्हता. लस्मी, हे लिहू नकोस.

(लिहिलं. — लस्मी)

—

वोनोतिर्तो
शनिवार पॉन, १२ ऑगस्ट १९९५

नडुक,

खूप दिवस झाले. लिहायला बसायचो आणि लिंबावर येऊन अडायचो. आज लिहून संपवणार आहे.

कडं मी उतरवलं हे लस्मीने तुला कळवलंच आहे. तुझ्या यंत्रावर माझा विश्वास नव्हता, माझ्या नखावर आहे. आसावरून नख फिरवलं. वरून आरशासारखा, आणि कड्याखाली गेल्यावर चाळणीसारखा. मग एका ठिकाणी नख आत गेलं. तू चित्रात जिथे लाल खूण केलीस तिथेच, तांदळाच्या दाण्याएवढाही फरक नाही. मी वर बसून राहिलो. पहिल्यांदा मला वाटलं, आपण आयुष्यभर ज्याला सांभाळलं त्याला आपणच मारलं. दुपारपर्यंत तेच वाटत होतं. दुपारनंतर वाटलं, की हा तडा बाहेरून दिसत नाही, ऐकू येत नाही. मला आला नाही ऐकू. ज्या पोरीला मी पाळण्याखाली बसवून बोल्टांचे आवाज शिकवले ती माझ्या पुढे गेली. त्यानंतर मला भूक लागली, पण बुदेला ते कळू दिलं नाही.

परवा गुरुवारी सभा झाली. हॉल भरला होता. फुगेवाले, शेंगदाणेवाल्या, लस्मी, नव्या शर्टातला गिमीन, सगळे. तुझा अहवाल वाचून दाखवला. "चाक तात्काळ बंद" म्हटल्याबरोबर कालवा झाला. शेंगदाणेवाल्या सुमी उठून म्हणाल्या, "हा अहवाल बिल्डरांनी लिहून घेतलाय. सेमारांगची कोणती ती बाई, तिला काय देणंघेणं आमच्या पोटाचं?" गिमीन ओरडला, "विकली गेली ती!" तू त्याच्या मांडीवर झोपायचीस लहानपणी. पण हेल्मेटातली इंजिनियर म्हणजे तूच, हे त्याला ठाऊक नव्हतं; इतक्या वर्षांनी तुला हेल्मेटात कोणी ओळखलं नाही आणि अहवालाखालचं नाव कोणी मोठ्याने वाचलं नाही. मी कोणाला सांगितलं नव्हतं, तुझा कायदा म्हणून.

मग सभासद विरातमोंनी चांगला उपाय काढला. म्हणाले, हा अहवाल बाजूला ठेवू, दुसऱ्या कंपनीकडून नवा मागवू, तोवर पाळणा चालू ठेवू आणि बागेला पाच वर्षं देऊन टाकू. हॉलमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला. हेंदार्तोही टाळ्या वाजवत होते. स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव आठवड्यावर आला आहे, त्या दिवशी पाळणा फिरला तर वर्षाची कमाई होईल. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मर्तोयो, एक्केचाळीस वर्षं तुमच्या हातात आहे. तुम्हीच सांगा सभेला, चाक ठीक आहे ना?"

मला फक्त मान हलवायची होती. तीही नाही, नुसतं गप्प बसायचं होतं. आपल्याकडे वडीलधारा गप्प बसला की लोक हो धरतात. बाग वाचली होती, नडुक. पाच वर्षं. गिमीनचं औषध, सुमीबाईंच्या पोरांची शाळा, सगळं वाचलं होतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, चाक ठीक नाही. तडा आहे, मी माझं नख घालून पाहिला आहे. आणि तो बिल्डरांनी पाडला नाही, अहवाल लिहिणाऱ्या बाईने पाडला नाही, मी पाडला. दर सुरोला दोन टोपल्या लिंबं पिळून. मागून कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणी हसलं नाही. मी सगळं सांगितलं, तू सांगू नका म्हणाली होतीस तरी सांगितलं. माझ्या हातून झालं ते तुझ्या शाईखाली लपवून मी जगलो असतो का? आणि एक सांगू? लाज वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही. म्हटलं, मी जे केलं ते मायेने केलं आणि चुकीचं केलं, दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहून घ्या.

विरातमो म्हणाले, "अहो, पण ह्याने बाग जाईल."

मी म्हटलं, "जाईल कदाचित. घोडे आहेत, आगगाडी आहे, गिमीन आहे. लोक येतील तर येतील. माणूस पडलं तर मात्र कोणीही येणार नाही, आणि आलं तरी मी दांडा धरणार नाही."

सभेने दोन तास घोळ घातला. शेवटी ठरलं ते असं. चाकाला कुलूप, आजपासून. करार पाच वर्षांचा नाही, फक्त पुढच्या ईदपर्यंत. तोवर नवा आस बसला आणि तुमच्या कंपनीने पास केला तर पुन्हा बसून बोलू, नाही बसला तर सरकता जिना. कुलूप मीच लावलं, किल्ली मीच ठेवली आहे. बाग राहील की जाईल मला ठाऊक नाही. तुला नव्या आसाचं चित्र काढता येत असेल तर काढून पाठव. कड्याखाली पाणी शिरणार नाही असं काढ. पोलादाच्या कारखान्यात मी स्वतः जाऊन उभा राहीन.

राहिली एक गोष्ट, ती सांगायला मला सगळ्यात जड जातं आहे, कारण त्यात तुझा कायदा मोडला असेल.

सभा उठायच्या आधी गिमीन पुन्हा म्हणाला, "चाकाचं खरं असेल मर्तोयो, पण ती बाई विकलेलीच. आपल्या चहाला शिवली नाही." लोक हो हो म्हणाले. मी तोवर शांत होतो. मग राहवलं नाही. मी म्हटलं, ह्या हॉलमध्ये आज जेवढी माणसं बोलली, त्या सगळ्यांना काही ना काही वाचवायचं होतं. मलाही होतं. एकटी ती अशी, की जिला आमच्यापेक्षा जास्त वाचवायचं होतं आणि तरी तिने खरं लिहिलं. तिला विकली गेली म्हणणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं.

सभेचे अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "पाक मर्तोयो, ह्या इंजिनियरबाई तुमच्या कोण?"

खरं तर पुतणी म्हणायचं होतं. शब्द तोंडात आलाही होता. पण भरल्या सभेत, नगरसभेच्या वहीत लिहून घेतात अशा ठिकाणी, मी म्हणालो, "माझी मुलगी."

बुदे शेजारी बसली होती. तिने मला कोपराने ढोसलं नाही. लिहिणाऱ्याने तसंच लिहून घेतलं, मी खाली सही केली. आता ते खोडता येत नाही. तुझ्या बापाला लांपुंगला काय सांगायचं ते तूच बघ.

मर्तोयो